हाताने करू या फुले

ज्या दिवशी घरात भेंडीची भाजी होणार असेल, त्या दिवशी अम्मीकडून एक जून भेंडी मागून घ्या. ती मधोमध आडवी कापा. कापलेली बाजू पाण्यात कालवलेल्या रंगात बुडवा आणि कागदावर हळूच दाबा. भेंडी उचलली की कागदावर एक सुंदर फूल दिसेल. त्याला बहुतेक पाच पाकळ्या असतील. कापण्याचे काम मोठ्यांनी करावे. पण ठसा उमटवण्याचे काम तुमच्या चार वर्षांच्या भावालाही जमेल. एक ठसा उमटला की तो दुसरा उमटवील, मग तिसरा. थोड्याच वेळात सगळा कागद फुलांनी भरून जाईल.

तुमच्यापैकी पुष्कळ जण घरातील आपा किंवा भाईजान असतील. सुट्टीच्या दिवशी लहान भावंडांना सांभाळण्याचे काम तुमच्याकडे येत असेल. अशा वेळी त्यांना फुलांच्या वस्तू करायला शिकवा. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली गोष्ट, त्यासाठी बाजारातून महाग साहित्य आणू नका. दुसरी गोष्ट, लहानांचे काम तुम्ही करून देऊ नका. या दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या का वाटतात, ते आता सांगतो.

आधी साहित्याबद्दल बोलू. आपला केळापूर तालुका कापसाचा प्रदेश आहे. पांढरकवड्याहून कोणत्याही रस्त्याने निघा, पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंना कापसाची शेते दिसतात. पण कापसाचे फूल तुम्ही कधी थांबून नीट पाहिले आहे का? ते ज्या दिवशी उमलते, त्या दिवशी पांढरट-पिवळसर असते. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होते. मग ते सुकून गळते आणि बोंड वाढू लागते. फुलाच्या खाली कातरलेल्या कडांची तीन हिरवी पाने असतात. ती फुलाला आणि पुढे बोंडालाही कवेत घेतात.

हे फूल कागदाचे करता येते. जुन्या वहीच्या पांढऱ्या कागदाच्या पाच पाकळ्या कापा. एकीची कड दुसरीवर येईल अशा त्या गोलाकार चिकटवा. खाली हिरवी तीन पाने लावा. असेच दुसरे फूल गुलाबी कागदाचे करा. तिसऱ्या काडीवर बोंड करा आणि त्यात खराखुरा कापूस भरा. डिंक नसला तरी चालेल. कणीक पाण्यात शिजवली की चांगली खळ तयार होते. आता ही तीन फुले शेजारी शेजारी ठेवा. पहिला दिवस, दुसरा दिवस आणि नंतरचे बोंड. कापसाची सारी गोष्ट तुमच्यासमोर उभी राहील.

आता अंगणातील लाल जास्वंदीकडे या. तिचे गळून पडलेले फूल उचला. त्याची पाकळी पांढऱ्या कागदावर घासा. पाकळी लाल असली तरी कागदावर निळसर-जांभळा रंग उमटतो. त्या रंगावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. रंग गुलाबी होईल. दुसऱ्या जागी खाण्याच्या सोड्याचे पाणी लावा. तेथे हिरवट छटा येईल. लहान मुलांना ही जादूच वाटते. तुम्हांला मात्र ठाऊक आहे की, ही आम्ल आणि अल्कली यांची ओळख आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच धडा असतो.

आता भेंडीचे, जास्वंदीचे आणि कापसाचे फूल एकमेकांशी ताडून पाहा. तिन्ही फुलांना पाच पाकळ्या आहेत. प्रत्येकाच्या मधोमध एक दांडी आहे आणि तिच्यावर परागांचे बारीक दाणे आहेत. एक झाड भाजीचे, एक शोभेचे आणि एक वस्त्राचे. पण वनस्पतिशास्त्रात ही तिन्ही एकाच कुळातील मानली जातात. त्याला भेंडी कुल असे म्हणतात. हे वाक्य नुसते पाठ केले तर परीक्षेनंतर विसरून जाते. ज्या मुलाने तिन्ही फुले स्वतःच्या हातांनी केली, पाकळ्या मोजल्या आणि चिकटवल्या, तो ते विसरणार नाही. हाताने एखादी वस्तू करायची म्हटले की ती आधी नीट पाहावी लागते. मला वाटते, हस्तकलेचा खरा लाभ हाच आहे.

हा विचार नवा नाही. आपल्या शेजारच्या वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली होती. मुलांचे शिक्षण हातांच्या उद्योगातून व्हावे, असे गांधीजींचे मत होते. त्यासाठी अभ्यासक्रम तयार करायला एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हेच झाकीर हुसेन १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. त्यांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टीही लिहिल्या. त्यांना गुलाबाची फार आवड होती. चंदीगडच्या मोठ्या गुलाब उद्यानाला त्यांचेच नाव दिलेले आहे. एवढा मोठा विद्वान मुलांच्या हातांना चालना देण्याचा विचार करतो, तेव्हा हस्तकलेला 'रिकाम्या वेळेचा खेळ' म्हणणे मला योग्य वाटत नाही.

आता आणखी काही सोप्या वस्तू पाहू. उर्दूत तुम्ही ज्याला टेसू म्हणता, त्याला आपण मराठीत पळस म्हणतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाची पाने गळतात आणि झाड केशरी फुलांनी पेटल्यासारखे दिसते. त्याचे फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे असते. खाली पडलेली ओंजळभर फुले गोळा करा. मोठ्या माणसाकडून ती पाण्यात उकळून घ्या आणि पाणी गाळून ठेवा. छान पिवळा-केशरी रंग मिळेल. काडीला कापूस गुंडाळला की कुंचला तयार. या रंगाने लहान मुलांना हवी ती चित्रे काढू द्या.

बोगनवेलीला लोक कागदी फूल म्हणतात. तिचा जो रंगीत भाग आपल्याला पाकळी वाटतो, ती खरे तर पाने असतात. तीन रंगीत पानांच्या आत खरे फूल असते, ते अगदी लहान आणि पांढरट असते. ही पाने जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा आणि वर चार जाड पुस्तके ठेवा. आठ-दहा दिवसांत ती वाळतात, पण त्यांचा रंग पुष्कळसा टिकतो. जाड कागदावर ती चिकटवून ईदचे कार्ड करा. दिवाळीत तेच कार्ड शेजारच्या मित्राला पाठवता येईल. कार्डाच्या मागे फुलाचे नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. अशी वीस-पंचवीस फुले जमली की तुमच्या गावाच्या फुलांची एक वहीच तयार होईल.

फुलांची कला तशी आपल्या सर्वांच्या घरातलीच आहे. निकाहाच्या दिवशी नवरदेवाच्या कपाळावर फुलांचा सेहरा असतो. दर्ग्यावर फुलांची चादर चढवतात. दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण लागते. आपल्या तालुक्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात जातो. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्त्रिया ताटात फुलांचे थर रचून उंच 'बतुकम्मा' करतात. त्यासाठी तरवड आणि कोंबड्याची फुले यांसारखी रानात, शेताच्या कडेला उगवणारी फुलेही वापरतात. त्या फुलांना बाजारात कोणी फारसे विचारत नाही. म्हणजे सुंदर वस्तू करायला महाग सामान लागते, हे खरे नाही. थर्माकोल आणि प्लास्टिकची फुले आणण्याची तर मुळीच गरज नाही. ती कुजत नाहीत आणि शेवटी नाल्यात अडकून बसतात. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीही आहे.

मात्र फुकट मिळते म्हणून कोणतेही फूल उचलायचे नसते. येथे थोडा विवेक हवा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले टपटप पडतात. ती पिवळसर, रसदार फुले पाहून तुम्हांला मोह होईल. पण आपल्या भागातील गोंड आणि कोलाम कुटुंबे पहाटेच उठून ती फुले वेचतात. ती वाळवून विकतात, घरी वापरतात. तुमच्यासाठी जो खेळ आहे, तो त्यांच्यासाठी घरखर्चाचा आधार आहे. म्हणून मोहाच्या झाडाखालची फुले तशीच राहू द्या.

कापसाचे फूल शेतातून तोडू नका. एक फूल तोडले म्हणजे शेतकऱ्याचे एक बोंड गेले. शिवाय पिकावर विषारी औषध फवारलेले असू शकते. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेव्हा कापसाचे फूल बांधावरून पाहावे आणि घरी येऊन कागदाचे करावे. आपल्याच भागातील टिपेश्वरचे जंगल १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथून पडलेले फूलसुद्धा आणू नये. अभयारण्यातील प्रत्येक वस्तू तेथील प्राण्यांची आणि पाखरांची आहे. कण्हेर, धोतरा आणि रुई ही झाडे विषारी आहेत. लहान मुलांना त्यांना हात लावू देऊ नका, आणि कोणतीही फुले हाताळल्यावर त्यांना साबणाने हात धुवायला लावा.

आता माझी दुसरी गोष्ट. शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरले की एक प्रकार सर्रास दिसतो. टेबलावर सुबक, चमकदार फुलदाण्या मांडलेल्या असतात. त्या कोणी केल्या, असे विचारले की मूल खाली मान घालते. कारण पाकळ्या मामांनी कापलेल्या असतात, रंग मोठ्या बहिणीने दिलेला असतो आणि मुलाने फक्त आपले नाव लिहिलेले असते. शेजारी एखादे वाकडेतिकडे फूल असते. त्याची एक पाकळी मोठी, एक लहान असते. खळीचे डागही पडलेले असतात. ते मात्र मुलाने स्वतः केलेले असते. बक्षीस कोणाला मिळते, ते तुम्हांला ठाऊक आहे.

मला हे बरोबर वाटत नाही. ज्याच्या घरी पैसे आहेत आणि मदतीला मोठी माणसे आहेत, त्याचेच फूल सुंदर ठरते. ज्याने खरे कष्ट केले, तो मागे राहतो. ज्याला करून दिले, त्याचेही नुकसान होते. आपल्याला काही येत नाही आणि आपले काम दुसऱ्यानेच करावे, असे त्याच्या मनात बसते. हे नुकसान फुलदाणीसारखे डोळ्यांना दिसत नाही. पण ते पुष्कळ दिवस राहते.

काही जण म्हणतील, "लहान मुले कागद फाडतात, कपडे खराब करतात. त्यापेक्षा त्यांनी पाढे म्हणावेत." पाढे अवश्य म्हणावेत. पण पाच पाकळ्यांची चार फुले केली तर पाकळ्या किती लागल्या, हाही पाढाच आहे. कपड्यांसाठी खाली जुने वर्तमानपत्र अंथरता येते. फाटलेल्या कागदाची लहान फुले होतात. आणि रोज दोन तास बसावे, असे कोण म्हणतो? आठवड्यातून एक दुपार पुरे.

मग मोठ्या भावाने किंवा बहिणीने काय करायचे? शेजारी बसायचे. कात्रीचे काम असेल तेव्हा लक्ष ठेवायचे. मुलाने विचारले तर एकदा करून दाखवायचे आणि आपले फूल बाजूला ठेवायचे. त्याने पाकळी निळी रंगवली तर "अशी नसते" म्हणून कागद ओढून घ्यायचा नाही. त्याला अंगणात न्यायचे आणि विचारायचे, "या फुलाला किती पाकळ्या आहेत, मोजतोस का?" तो मोजेल. पुढच्या वेळी त्याचे फूल आपोआप बदलेल. तरीही त्याला निळेच हवे असेल, तर निळेच असू द्या.

मुलांनो, या रविवारी हे करून पाहा. एक भेंडी, जुनी वही, वाटीभर खळ आणि घरातले एखादे लहान मूल, एवढेच साहित्य लागेल. त्याने केलेले पहिले फूल भिंतीवर लावा आणि त्याखाली त्याचेच नाव लिहा. पाकळी वाकडी असेल, तर ती सरळ करू नका.