दावें कोणाच्या हातीं?

गेल्या दिवाळींत नेकनूरच्या आमच्या घरीं एक वाद रंगला. वाद राजकारणाचा नव्हता, कीं शेताच्या बांधाचाहि नव्हता. पुण्यास शिकणारा माझा पुतण्या आणि बीडला राहणारा माझा भाचा या दोघांनीं पैसे जमवून एक व्हिडिओ गेम घ्यावयाचें ठरविलें होतें. परंतु तो डिस्कच्या रूपानें घ्यावा, कीं कंपनीच्या दुकानांतून थेट यंत्रांत डाउनलोड करावा, यावर एकमत होईना. पुतण्या म्हणे, डिस्कच घ्यावी. खेळून झाल्यावर ती विकतां येते, मित्रास देतां येते. भाचा म्हणे, डिस्क म्हणजे जुन्या काळची अडगळ. तिच्यावर चरे पडतात, ती हरवते, आणि नेकनूरला ती आणणार कोण? शेवटीं दोघेहि माझ्यापुढें उभे राहिले. “काका, तुम्हीच निकाल द्या,” असें एकानें म्हटलें; “मामा, तुम्ही म्हणाल तें,” असें दुसऱ्यानें. मीं निकाल दिला नाहीं. कारण प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे असें मला वाटलें. तो नीट मांडावा, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें पोरांच्या खेळण्यावर पानें खर्चावीं, हें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. जी अट आज खेळावर लादली जात आहे ती उद्यां पुस्तकावर येईल, असा धाक मी त्यांना घालीत नाहीं. ती केव्हांच येऊन बसली आहे. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या ‘किंडल’ यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. त्या प्रती विकणाऱ्यास तसा हक्क नव्हता, हें कारण खरें होतें. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनीं माफीहि मागितली. परंतु माल गैरहक्कानें विकला गेला म्हणून कोणता पुस्तकविक्रेता गिऱ्हाइकाच्या घरांत शिरून, कपाट उघडून, पुस्तक घेऊन आणि टेबलावर पैसे ठेवून निघून गेला आहे? नको असलेला कागद नाहींसा करणाऱ्या राज्ययंत्राचें वर्णन ज्या कादंबरींत आहे, तीच अशी नाहींशी व्हावी, हा योगायोगहि विचार करण्याजोगा आहे.

नेकनूर हें मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. येथल्या आठवड्याच्या बाजारांत वडिलांबरोबर मी लहानपणीं बैल पाहावयास जात असें. दलाल रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवी. घासाघीस होई, रुसवेफुगवे होत. पण पैसे मोजून झाले, पावती झाली, कीं विकणारा बैलाच्या पाठीवरून एकदां हात फिरवी आणि दावें घेणाऱ्याच्या हातीं देई. तेथें व्यवहार संपे. मग तो बैल नांगराला जुंपा, पेरणीपुरता शेजाऱ्यास द्या, कीं पुढल्या बाजारांत विका. जुन्या मालकास त्यांत तोंड घालण्याचा अधिकार उरत नसे. ‘विकत घेणें’ या शब्दाचा अर्थ मी कोशांतून शिकलों नाहीं. त्या दाव्यावरून शिकलों.

आतां असा एक विक्रेता कल्पनेंत आणा कीं जो पुरते पैसे घेतो आणि म्हणतो, “बैल तुमचा, पण दाव्याचें दुसरें टोंक माझ्याच हातीं राहील. तो शेजाऱ्यास द्यावयाचा नाहीं. विकावयाचा नाहीं. आणि ज्या दिवशीं मी माझा गोठा बंद करीन त्या दिवशीं तुमच्या दावणीचा बैलहि जागच्या जागीं बसेल.” नेकनूरच्या बाजारांत अशा इसमास कोणी क्षणभर उभें राहूं दिलें नसतें. परंतु खेळांच्या बाजारांत नेमका हाच इसम प्रतिष्ठित व्यापारी म्हणून मिरवीत आहे. आणि आपलीं शिकलेलीं मुलें त्याच्या करारावर, एक ओळहि न वाचतां, ‘मान्य’ म्हणून बोट टेकवीत आहेत.

ही अतिशयोक्ति नव्हे. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ सालीं बाजारांत आला. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें त्याचे सर्व्हर बंद केले, आणि एकट्यानें खेळावयाचा भागसुद्धां कायमचा बंद पडला. ज्यांनीं रोख पैसे मोजले होते त्यांच्या हातीं कांहींच उरलें नाहीं. आपल्याकडचेंहि उदाहरण घ्या. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें ज्या ११८ ॲपांवर बंदी घातली त्यांत ‘पब्जी’ होता. बंदीचीं कारणें राष्ट्रीय सुरक्षेचीं होतीं. त्यांच्याशीं येथें वाद नाहीं. परंतु त्या खेळांत खरे पैसे देऊन घेतलेले पोशाख आणि हत्यारें त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर नाहींशीं झालीं. आणि २०२१ मध्यें तोच खेळ नव्या नांवानें आला तेव्हां तीं परत मिळालीं, तीं हक्कानें नव्हे, कंपनीच्या मर्जीनें. जी वस्तु दुसऱ्याच्या मर्जीनें जाते आणि मर्जीनें येते, तिला आपली म्हणणें हा स्वतःशींच केलेला खोटेपणा आहे.

येथवर वाचून माझा पुतण्या आनंदानें टाळी वाजवील, “म्हणूनच डिस्क घ्यावी!” असें म्हणेल. त्याचा आनंदहि फार टिकणारा नाहीं. ‘द क्रू’ची डिस्क ज्यांनीं जपून ठेवली होती त्यांचा खेळहि त्याच दिवशीं मेला. दिवाळीचाच अनुभव सांगतों. वाद मिटेना म्हणून पुतण्यानें पुण्याहून बरोबर आणलेली एक दुसरी डिस्क यंत्रांत घातली. यंत्रानें ती गिळली आणि पडद्यावर फर्मान झळकलें, कीं आधीं इतका इतका भाग डाउनलोड करा. मोबाइलच्या जोडणीवर तें काम रात्रभर चाललें. पहांटे वीज गेली. डिस्क हातांत होती, पेटीवरचें चित्र सुरेख होतें. खेळ मात्र कोठें तरी सातासमुद्रांपलीकडे होता. जून २०२५ मध्यें आलेल्या निण्टेंडोच्या ‘स्विच २’ यंत्रानें तर या प्रकारास राजमान्यताच दिली. त्याच्या कांहीं खेळांच्या पेटींत जें कार्ड मिळतें त्याच्यांत खेळ नसतो, केवळ किल्ली असते. खेळ इंटरनेटवरूनच घ्यावा लागतो. ती किल्ली दुसऱ्यास देतां वा विकतां येते, एवढा तिचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु वाडाच पाडला तर किल्लीचें करावयाचें काय?

उलट, आमच्या माडीवरील कपाटांत माझ्या धाकट्या भावाची व्हिडिओ गेमची एक कॅसेट आहे. तीस वर्षांपूर्वीं बीडहून आणलेली. वीज आल्यावर मुलांनीं ती काढली, फुंकर मारून धूळ उडविली, जुन्या टीव्हीला यंत्र जोडलें, आणि खेळ सुरू झाला. कोणाची परवानगी लागली नाहीं, कोणता करार पुढें आला नाहीं. म्हणून प्रश्न डिस्क कीं डाउनलोड हा नव्हेच. प्रश्न एवढाच, कीं दावें कोणाच्या हातीं आहे?

या बाबतींत आमच्या जिल्ह्यास कांहीं सांगण्याचा अधिकार आहे. नेकनूरवरून पुढें केज, आणि त्यापुढें अंबाजोगाई. तेथें दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर सोळाव्या-सतराव्या शतकांतील त्या पुरुषानें ‘पंचीकरण’ लिहिलें, आणि तें कापड आज चारशें वर्षें टिकून आहे. मूर्त वस्तूचा याहून मोठा विजय कोणता? परंतु दुसरी गोष्टहि ऐका. ज्ञानेश्वरीची एक प्राचीन पोथी वि. का. राजवाडे यांस खुद्द बीड येथें मिळाली. तिच्यावरून त्यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी आज अभ्यासकांस उपलब्ध नाहीं. उरली ती छापलेली नक्कल. आणि ती उरली, कारण ती शेंकडों घरांत पसरली. पासोडी वाचली ती जपणारें घर होतें म्हणून, आणि त्या पोथीचा पाठ वाचला तो तिची नक्कल करण्यास कोणाची आडकाठी नव्हती म्हणून. कापड, कागद, डिस्क, वीज हीं सर्व नश्वरच आहेत. ज्याच्या हातीं प्रत आहे त्याला ती ठेवण्याची, देण्याची आणि उतरून घेण्याची मोकळीक असली, म्हणजेच ग्रंथ काळाच्या तोंडांतून सुटतो. खेळांच्या बाबतींत ही मोकळीक नाहीं. तिचें फळहि दिसूं लागलें आहे. अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’नें २०२३ मध्यें केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज बाजारांत मिळतच नाहींत.

प्रतिपक्षाचें म्हणणें मीं ऐकलें नाहीं असें नव्हे. भाच्याचा मुद्दा बिनतोड आहे: डाउनलोडमुळें नेकनूरचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा एका दिवशीं एका दुकानाच्या दारांत उभे राहतात. ज्या भागाला पुस्तकाचें दुकान पाहावयासहि तालुका ओलांडावा लागे, तेथें जन्मलेल्या मला या सोयीचें मोल कोणी शिकवावें लागत नाहीं. ती सोय हवीच. परंतु सोय ही मालकीची किंमत म्हणून कां घ्यावी? माल घरपोंच मिळाला म्हणून तो आपला होऊं नये, हें कोठलें न्यायशास्त्र? पोलंडमधील ‘गॉग’ हें दुकान इंटरनेटवरूनच खेळ विकतें आणि कुलूप न घालतां विकतें. एकदां उतरवून ठेवलेली प्रत पुढें इंटरनेट नसतांहि बसवितां येते. म्हणजे सोय आणि दावें हीं दोन्ही एका हातांत देतां येतात; द्यावयाचें मन मात्र हवें.

दुसरें म्हणणें असें, कीं कंपनीनें सर्व्हर काय चंद्रसूर्य असेतोंपर्यंत चालवावेत? तशी मागणी कोणी केलेलीच नाहीं. मागणी इतकीच कीं, दुकान बंद करतांना खेळ गिऱ्हाइकाच्या घरीं चालेल अशा स्थितींत सोडून जा. युरोपांत याच मागणीच्या अर्जावर २०२५ मध्यें दहा लाखांहून अधिक नागरिकांनीं सह्या केल्या. आणि ज्या कंपनीनें ‘द क्रू’ बंद केला तिनेंच, एवढा गवगवा झाल्यावर, त्याच्या दुसऱ्या भागास सर्व्हरावांचून चालण्याची सोय करून दिली. काम अशक्य नव्हतें. तें करविणारा कोणी नव्हता.

तिसरें म्हणणें चोरीचें. प्रत मोकळी दिली तर सारे फुकट नकला करतील, अशी भीति दाखवितात. चोर आजहि चोरतोच. कुलूप अडवितें तें पैसे देणाऱ्यास. चोराजवळची प्रत मात्र बहुधा बिनकुलुपाचीच असते. ज्या व्यवस्थेंत प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या पदरीं चोरापेक्षां कमी पडतें, ती प्रामाणिकपणा किती दिवस शिकवील?

आपला कायदा याबाबत मुकाच आहे असें नाहीं, अर्धवट बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें संगणकाच्या प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणें बाळगणाऱ्यास, ती नष्ट होण्याच्या भयापोटीं, जादा नक्कल करून ठेवण्याची मुभा दिली आहे. परंतु कायदा म्हणतो ‘ठेव’ आणि कुलूप म्हणतें ‘ठेवूं देणार नाहीं’, तेव्हां कुलुपाचेंच खरें होतें. कॅलिफोर्नियानें २०२४ मध्यें कायदा करून असें ठरविलें कीं, माल परवान्याचा असतांना, तसें स्पष्ट सांगितल्याशिवाय, ‘विकत घ्या’ असा शब्द वापरूं नये. जी प्रत उतरवून घेऊन कायमची चालते तिला ही अट नाहीं. आमच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींस आळा घालण्याची तरतूद आहे; तिचा आधार घेऊन एवढा एक शब्द तरी आपणांस खरा करून घेतां येऊं नये काय? तसेंच १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व इतर तीन ग्रंथालयांस देणें प्रकाशकावर बंधनकारक आहे. त्यांत मुंबईचेंहि एक ग्रंथालय आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या मंडळींनीं २०२० मध्यें ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर रचलेला खेळ जगापुढें आणला. हलक्यासलक्या पुस्तकालाहि त्या ग्रंथालयांत जागा आहे. ‘राजी’साठीं ती कायद्यानें राखलेली नाहीं. पन्नास वर्षांनीं एखाद्या अभ्यासकाला हा खेळ पाहावासा वाटला, तर त्यानें कोणाचें दार ठोठवावें?

कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर घरोघरच्या आईबापांनीं मुलांस पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत. हा खेळ इंटरनेट बंद करून चालतो काय? याची प्रत आपणांजवळ ठेवतां येते काय? तो धाकट्या भावंडास वा मित्रास देतां येतो काय? तिन्हींचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर खेळ वाईट ठरत नाहीं. पण ती खरेदी नव्हे, भाडें आहे, आणि भाडें म्हणूनच त्याचें मोल द्यावें. आमच्या मुलांनीं अखेर कुलूप नसलेला एक जुना खेळ बिनकुलुपाच्या दुकानांतून घेतला, त्याची एक प्रत पुण्यास नेली आणि एक माडीवरच्या कपाटांत त्या कॅसेटशेजारीं ठेवली.

दावें हातीं आल्यावांचून पैसे मोजूं नयेत, हें शहाणपण नेकनूरच्या बाजारांत अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्यास होतें. त्याच्या पदवीधर नातवांना तें असूं नये काय?