शाळा पोरक्या नाहीत

महाराष्ट्र शासनाने १८ सप्टेंबर २०२३ रोजी एक निर्णय काढून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा दत्तक देण्याची योजना आखली. नगरपरिषद किंवा ग्रामीण क्षेत्रातील शाळेला पाच वर्षांसाठी ५० लाख अथवा दहा वर्षांसाठी एक कोटी रुपये मूल्याच्या वस्तू व सेवा पुरवणाऱ्या देणगीदाराचे नाव त्या मुदतीपुरते शाळेच्या नावाला जोडता येईल, अशी तीत तरतूद होती. दात्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न शासनाच्या भूमिकेचा आहे. जे मूल सांभाळणे आपल्याला शक्य नाही, ते आईबाप दत्तक देतात. सार्वजनिक शाळा सांभाळणे आपल्याला झेपत नाही, अशी कबुलीच हा शब्द निवडून राज्यकर्त्यांनी नकळत दिली.

या योजनेचे गुणदोष तपासण्यास अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. येथे रसायनांपासून यंत्रभागांपर्यंत नाना वस्तूंचे कारखाने आहेत आणि याच परिसरात सार्वजनिक शाळाही आहेत. कंत्राटी कामगाराच्या मुलाला या शाळांखेरीज परवडणारा दुसरा मार्ग नसतो. कारखान्याने द्यावे आणि शाळेने घ्यावे, हे चित्र कागदावर मोठे मनोहर दिसते.

तथापि हिशेब मांडू लागताच ते विरू लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाचा खर्च बंधनकारक केला तो केवळ मोठ्या कंपन्यांवर. म्हणजे ज्यांची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा वार्षिक निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या घरात वा त्यावर आहे, अशांवर. औद्योगिक वसाहतीतील लहानसहान कारखाने या कक्षेत येतच नाहीत. जे येतात त्यांचा दोन टक्क्यांचा वाटा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर ठरतो. म्हणजे बाजार उतरला की वाटाही उतरतो. शाळेचा खर्च मात्र दरवर्षी, दरमहा होणारा असतो आणि त्याचा फार मोठा भाग शिक्षकांच्या वेतनाचा असतो. रंगवलेल्या भिंती आणि नवे संगणक देणगीतून येतील. रिकाम्या जागेवरचा शिक्षक देणगीतून येत नाही. शिवाय कारखान्यांनाही आयुर्मर्यादा असते. एकेकाळी अंबरनाथची ओळख असलेला विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना बंद पडला. गावातल्या मुलांची शिकण्याची गरज काही त्याबरोबर बंद पडली नाही.

येथे इतिहासाचे स्मरण करून देणे अगत्याचे आहे. १९६१ साली विधिमंडळाने औद्योगिक विकासाचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. उद्योग यावेत म्हणून राज्याने कुणा दानशूराची वाट पाहिली नाही. कायद्याच्या बळावर जमिनी घेतल्या, रस्ते केले, वीज आणली. बदलापूरजवळचे बारवी धरण याच महामंडळाने बांधले. कारखान्याला पाणी लागते, ते नियमित लागते आणि ते देणे हे राज्याचे काम आहे, याविषयी कुणाच्याही मनात संदेह नव्हता. मग मुलाला शिक्षक लागतो, तो नियमित लागतो, एवढी साधी गोष्ट देणगीदाराच्या मर्जीवर का सोडावी?

त्याच १९६२ साली विधिमंडळाने शिक्षण उपकराचाही कायदा केला. शहरांतील जमिनी व इमारतींवरचा हा उपकर नगरपालिका मालमत्ता कराबरोबर वसूल करतात आणि राज्याच्या तिजोरीत भरतात. म्हणजे नगरपरिषदेच्या हद्दीतील कारखानदार, दुकानदार, घरमालक शिक्षणासाठी आधीच पैसे देत आहेत. तो कर आहे, उपकार नव्हे. म्हणूनच त्याबद्दल कुणाचेही नाव शाळेवर लागत नाही. सामान्य नागरिकाने कर भरूनही अनाम राहायचे आणि देणगीदाराने मात्र फलकावर झळकायचे, हा न्याय लोकशाहीत शोभत नाही.

याहून गंभीर बाब अशी की, दत्तक योजना शासन निर्णयाने आली. विधेयक म्हणून ती विधिमंडळासमोर आली नाही. कायदा आणि देणगी यांतील अंतर २०२४ साली स्पष्ट दिसले. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारा बदल शासनाने त्या वर्षी फेब्रुवारीत नियमांत केला. १९ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. पालकांना न्यायालयाचे दार ठोठावता आले, कारण त्यांच्या हाती २००९ चा शिक्षण हक्क कायदा होता. उद्या एखाद्या देणगीदाराने मुदत संपल्यावर हात आखडता घेतला, तर पालकांनी कोणत्या कलमाखाली दाद मागावी?

कारखान्यांची मदत नाकारावी, असा याचा अर्थ नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडासाहित्य यांसाठी ती जरूर घ्यावी. पण शाळेचे नाव विकून नव्हे आणि मूलभूत गरजांची भरपाई म्हणूनही नव्हे. शिक्षक, वर्गखोली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह यांची हमी शिक्षण हक्क कायद्याने दिली आहे. तिचा खर्च अर्थसंकल्पातूनच झाला पाहिजे. त्यासाठी विधिमंडळाने एवढे तरी करावे: प्रत्येक नगरपालिकेकडून किती शिक्षण उपकर वसूल झाला, त्या गावच्या सार्वजनिक शाळांवर राज्याने किती खर्च केला आणि तेथे शिक्षकांच्या किती जागा रिक्त आहेत, याचे विवरण दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर सभागृहात मांडणे बंधनकारक करावे. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या आमदारांनी ही मागणी प्रथम उचलावी. त्यांचे मतदार कारखान्यात घाम गाळतात, करही भरतात. आपल्या मुलांच्या शाळेचा हिशेब मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.