रानपिंगळा वाचवू, पण जंगल सोडणार नाही

पाड्यापाड्यावर सध्या एकच गोष्ट सांगतात. रानपिंगळा नावाचं घुबड संपत चाललंय, ते वाचवायचं तर जंगलातली माणसं कमी झाली पाहिजेत. आम्ही म्हणतो, पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे.

रानपिंगळा म्हणजे गावाजवळ दिसतो तो पिंगळा नाही. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. तो दिवसाही शिकार करतो. सरडे, उंदीर, टोळ खातो. पण स्वतःचं घर कोरत नाही. त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. ढोली गेली की तो गेला.

1884 साली डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात तो मारून नेला. पुढं 113 वर्षं शास्त्रज्ञांना तो दिसलाच नाही. संपला असंच लोक धरून चालले. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळच्या जंगलात परत दिसला. मग तळोद्यात, तोरणमाळला, मेळघाटात दिसला. ही कोणाची जंगलं? भिल, पावरा, कोरकू लोकांची. माणसामुळे हा पक्षी मरत असता, तर नेमका आपल्यातच जिवंत कसा सापडला?

मग त्याचं घर कोणी मोडलं? जुनी झाडं कूप पाडून ठेकेदारांच्या ट्रकांतून गेली. नर्मदेवर सरदार सरोवर झालं, आपल्याकडची 33 गावं बुडितात धरली. त्या लोकांना वसवायला 1990 नंतर तळोद्याचं 4,200 हेक्टर जंगल मोकळं केलं. बुडितातले भाऊबहिणी तिथं हौसेनं आले नाहीत, त्यांचा दोष नाही. धरणानं आदिवासीचं गाव घेतलं आणि पिंगळ्याचं झाडही घेतलं. तेव्हा पिंगळा कोणा साहेबाला आठवला नाही. 2002 च्या मे महिन्यात मात्र दिल्लीहून पत्र निघालं, नेवाडवाल्यांना सप्टेंबरअखेर हटवा!

आता 2006 चा वनहक्क कायदा आहे. कलम 5 प्रमाणे जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. कलम 4 सांगतं, अभयारण्यातूनसुद्धा माणसं हलवायची तर आधी सगळ्यांचे हक्क मान्य झाले पाहिजेत, आणि ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे. कोणी सही मागायला आलं तर आधी हे विचारा. एकट्यानं अंगठा देऊ नका.

पण नुसता हक्क मागून पिंगळा वाचणार नाही. राखायचं म्हटलं की कामही आपलंच. म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं ठरवावं:

1. ढोलीचं झाड, वाळलेलं असलं तरी, कोणी तोडायचं नाही. गावच्या पोरापोरींनी अशी झाडं मोजून वहीत लिहायची.

2. कायद्यानं 13 डिसेंबर 2005 ही तारीख दिली आहे. त्यानंतर नवं नेवाड काढायचं नाही. बाहेरचा येऊन काढत असेल तर गावानं अडवायचं.

3. मोहाखालचा पाला झाडून गोळा करायचा. आग लावायची नाही.

4. घुबड अपशकुनी नाही. त्याच्या अंड्यानं, पंखानं बाधा उतरत नाही. ताप आला तर दवाखान्यात जायचं. घुबड मागणाऱ्या बडव्याला आणि पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याला सभेत जाब विचारायचा. रानपिंगळा 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणारा जेलात जाईल, व्यापारी सुटेल. आणि आपल्या ज्वारीवरचे उंदीर, टोळ खातो तो आपला वैरी कसा?

ठराव लिहा, सह्या घ्या, एक नक्कल गावात ठेवा, एक वनखात्याला द्या आणि पोच घ्या. उद्या कोणी म्हणालं, तुमच्यामुळे पक्षी संपला, तर झाडांची वही पुढं करा. आणि विचारा, तुम्ही पाडलेल्या कूपांची वही कुठं आहे?

जंगल आपलं! पिंगळा आपला!
जिंदाबाद!