कुर्ल्याचा वॉर्ड कोणाचा?



म्युनिसिपालटीची निवडणूक आली की आपल्यातला एखादा तरी म्हणतोच, "त्यात आपलं काय? गटाराची आणि कचऱ्याची निवडणूक ती!" आम्ही त्याला विचारतो, बाबा रे, पहिल्या पाळीला निघण्याआधी तुझी बायको बादली घेऊन उभी राहते तो नळ कोणाचा? पगारासाठी आपण मालकाशी भांडतो. पण पगार घेऊन घरी आलो की पाणी, संडास, मोरी, पोरांची शाळा, सगळं म्युनिसिपालटीच्या हातात.

आणि हे मत आपल्याला कुणी ताटात वाढलेलं नाही. 1948 च्या आधी मुंबईत हे मत भाडं नाहीतर कर भरणाऱ्यालाच होतं. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे दहा-पंधरा गडी, भाड्याची पावती एकाच्या नावावर. बाकीचे मुंबईला कापड विणून देणार, पण मतदार नव्हेत! प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक 1948 ची.

आता कुर्ल्याचं बघा. स्वदेशी मिलचं कुर्ला. 1950 पर्यंत त्याला स्वतःची म्युनिसिपालटी होती. ती मोडली, मुंबईची हद्द वाढली आणि उपनगराचा वॉर्ड झाला. हद्द वाढली ते बरंच झालं, असं आमचं मत. मुंबई एक राहिली. पण कचेरी होती चालण्याच्या अंतरावर, ती गेली बोरीबंदरासमोर. तिथं कुर्ल्याच्या वतीनं तोंड उघडणार कोण? वॉर्डानं निवडलेला माणूस, दुसरा कोणी नाही.

1957 साली हे आपल्या लोकांना बरोबर कळलं होतं. संयुक्त महाराष्ट्र समितीनं मुंबईची म्युनिसिपालटी जिंकली. आचार्य दोंदे महापौर झाले, पुढच्या साली कॉम्रेड मिरजकर. मुंबई महाराष्ट्राची नव्हे म्हणणाऱ्यांना मुंबईनं वॉर्डावॉर्डांतून जबाब दिला. 1 मे 1960 ला राज्य मिळालं.

आणि त्या आपल्या राज्यात काय झालं? 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली. घटनेची 74 वी दुरुस्ती सांगते, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. झाली कधी? जानेवारी 2026 मध्ये! मधली पावणेचार वर्षं 227 वॉर्डांना नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाच्या सहीवर. मिठी फुगली की कुर्ल्यात पाणी शिरतं. 26 जुलै 2005 आम्ही विसरलेलो नाही. त्या पाण्याचा जाब सभागृहात उठून विचारायला चार पावसाळे कोणी नव्हतं. गोऱ्या साहेबानं असं केलं असतं तर आपण मोर्चा नेला असता. मराठी राज्यात झालं म्हणून गप्प बसलो. हे गप्प बसणं आम्हाला टोचतं.

दुसरी गोष्ट आपल्याच घरातली. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, खोल्या विकून माणसं कल्याण-विरारकडे गेली. काहींचं नाव जुन्या चाळीच्या यादीत, बिऱ्हाड तिकडे. म्हणजे इथं यायला सवड नाही आणि तिथं मत नाही! दोन्हीकडचा नगरसेवक त्याला विचारत नाही, कशाला विचारील? जिथं नळ भरता तिथल्या यादीत नाव घाला. जुन्या चाळीचा अभिमान गणपतीत मिरवा.

आणि उमेदवार दारात आला तर त्याचं भाषण ऐकत बसू नका. नळाला पाणी किती वाजता येतं, एवढंच विचारा. सांगता आलं नाही तर चहा पाजा आणि वाटेला लावा.