शिर्डी विमानतळाचं नवं टर्मिनल कडुनिंबासारखं असणार, पण उघड्या लोखंडाचा दर्जा कोण ठरवणार?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे शिर्डी विमानतळाच्या नव्या टर्मिनल इमारतीचं भूमिपूजन केलं. खर्च ६४५ कोटी रुपयांहून अधिक. साईबाबा ज्या कडुनिंबाखाली बसत, त्या झाडावर या इमारतीची संकल्पना बेतलेली आहे, असं सरकारने त्या वेळी सांगितलं होतं.

अहिल्यानगर जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर झाडासारखी इमारत उभी राहणार म्हटल्यावर चर्चा झाली ती खर्चाची आणि दिसण्याची. पण झाडाचं रूप असलेल्या कोणत्याही सार्वजनिक इमारतीत आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो बातम्यांत कधी येत नाही. जे लोखंड लोकांना उघडं दिसणार आहे, ते किती सफाईदार असावं? आणि हे कागदावर कुणी, कोणत्या शब्दांत लिहायचं?

झाड आणि लोखंड

छताला झाडासारखे खांब द्यायचे झाले की जगभरात बहुतेक वेळा पोलाद वापरलं जातं. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जर्मनीतल्या श्टुटगार्ट विमानतळाचं १९९१ चं टर्मिनल. तिथे पोलादी नळ्यांचे बुंधे वर जाऊन फांद्यांत फुटतात आणि त्या फांद्यांवर छत टेकलेलं आहे. त्यावर फॉल्स सीलिंग नाही. प्रवाशाला जे दिसतं, त्यावरच इमारत उभी आहे.

आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. मुंबईतल्या काळा घोडा भागातलं वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभं राहिलं. तो सांगाडा दर्शनी भागात आजही दिसतो. नंतर मात्र आपल्या इमारती काँक्रीटच्या झाल्या आणि लोखंड प्लास्टरच्या आत गेलं. आता विमानतळ, रेल्वे स्टेशन, पादचारी पूल, बसस्थानकांची छतं यांच्या निमित्ताने ते पुन्हा बाहेर आलंय.

'चांगलं फिनिश' म्हणजे काय?

समजा, टेंडरमध्ये लिहिलं की 'दर्शनी लोखंडी कामाचं फिनिश उत्तम दर्जाचं असावं'. ठेकेदार काम घेतो, फॅब्रिकेटर गर्डर जोडतो, वेल्डर वेल्डिंग करतो. मजबुतीच्या दृष्टीने काम चोख आहे. पण साइटवर आलेला आर्किटेक्ट म्हणतो, ही वेल्डची रेघ ओबडधोबड आहे, घासून सपाट करा. फॅब्रिकेटर म्हणतो, दरात ते धरलेलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण 'उत्तम' हा शब्द मोजता येत नाही.

नेमक्या अशाच वादांना कंटाळून कॅनडातल्या पोलाद बांधकाम क्षेत्राने २००० च्या दशकात उघड्या पोलादाचे वर्ग पाडले. त्याआधी अमेरिकेच्या नियमांत अशा कामासाठी सरसकट एकच व्याख्या होती. दाराजवळचा खांब आणि साठ फुटांवरचं छत, दोन्हींना सारखाच नियम. अमेरिकेच्या स्टील बांधकाम संस्थेनेही २०१६ च्या नियमावलीत हे वर्ग स्वीकारले. त्यांना एईएसएस १ ते ४ म्हणतात, शिवाय खास गरजेसाठी एईएसएस-सी हा वेगळा वर्ग आहे.

यातली मुख्य कल्पना साधी आहे: बघणारा कुठे उभा आहे? साधारण २० फूट, म्हणजे ६ मीटर, ही सीमारेषा धरली जाते.

पहिल्या वर्गात किमान सभ्यता पाळायची. ब्लास्टिंग करून गंज काढायचा, धारदार कडा घासायच्या, वेल्डिंगचे शिंतोडे साफ करायचे. दुसरा वर्ग २० फुटांपलीकडून दिसणाऱ्या भागांसाठी. तिथे मापातली परवानगी असलेली चूक नेहमीपेक्षा निम्म्यावर येते आणि वर्कशॉपमधले नंबर, खुणा दिसता कामा नयेत. तिसरा वर्ग हाताच्या अंतरावरच्या लोखंडासाठी. कारखान्यात गर्डरवर उठवलेलं कंपनीचं नावही इथे घासून काढावं लागतं, आणि चौकोनी नळीवरची उभी जोडरेषा लोकांच्या नजरेआड वळवावी लागते. चौथ्या वर्गात तर जोड कुठे आहे हेच कळू नये, अशी अपेक्षा असते. भरा, घासा, पुन्हा भरा. हे काम बांधकामापेक्षा फर्निचरच्या पॉलिशला जवळचं आहे.

फरक किती पैशांचा?

कॅनडाच्या मार्गदर्शिकेनुसार साध्या लोखंडी कामाच्या तुलनेत पहिल्या वर्गाला २० ते ६० टक्के जास्त खर्च येतो. दुसऱ्याला ४० ते १००, तिसऱ्याला ६० ते १५० आणि चौथ्याला १०० ते २५० टक्के. हे तिकडचे आकडे आहेत. आपल्याकडे मजुरी वेगळी असल्याने ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण चढण कशी आहे ते कळतं.

हिशेबापुरतं एक उदाहरण घेऊ. १०० टन लोखंड, साध्या कामाचा दर टनाला १ लाख रुपये, म्हणजे मूळ खर्च १ कोटी. 'सगळंच एक नंबर हवं' म्हणून सरसकट चौथा वर्ग लावला आणि २०० टक्के वाढ धरली, तर बिल ३ कोटींवर जातं. त्याऐवजी प्रवेशद्वारातल्या १० टनांना चौथा वर्ग, हात लागेल अशा ३० टनांना १०० टक्के वाढीने तिसरा आणि उंचावरच्या ६० टनांना ४० टक्के वाढीने पहिला वर्ग दिला, तर खर्च होतो १ कोटी ७४ लाख. वर बघून कुणालाही फरक कळणार नाही. सव्वा कोटी मात्र वाचलेले असतात, आणि सरकारी इमारतीत ते लोकांचे असतात.

उलट चूकही तितकीच महाग पडते. वर्ग लिहिलेलाच नसेल तर सर्वांत कमी दर भरणारा ठेकेदार साधं काम गृहीत धरतो. ज्याने प्रामाणिकपणे घासकाम दरात धरलं, तो स्पर्धेतून बाहेर. मग इमारत उभी राहिल्यावर जादा कामाचं बिल येतं, किंवा ओबडधोबड खांब झाकायला पत्र्याचं आवरण लावलं जातं. म्हणजे उघड्या लोखंडाचा मूळ हेतूच गेला.

भारतीय नियमांत काय आहे?

पोलादी बांधकामाची आपली मुख्य संहिता आयएस ८००, २००७ सालची. मापातल्या चुकांच्या मर्यादेसाठी आयएस ७२१५ आहे, पोलादाच्या प्रतीसाठी आयएस २०६२. लोखंड किती भार पेलेल, वेल्ड किती मजबूत असावा, हे सगळं त्यांत मिळतं. ते दिसायला कसं असावं, याची अशी वर्गवारी आयएस ८०० मध्ये नाही. त्यामुळे टेंडर लिहिणाऱ्याला परदेशी वर्गवारी उसनी घ्यावी लागते, नाहीतर 'उत्तम', 'सफाईदार' यावर भागवावं लागतं. मोठे सल्लागार पहिला मार्ग घेतात. तालुक्याच्या बसस्थानकाचं छत कुणाच्या भरवशावर असतं, हे सांगायला नको.

गुळगुळीत म्हणजे सुरक्षित नव्हे

इथे एक गल्लत टाळायला हवी. हे वर्ग दिसण्याचे आहेत, मजबुतीचे नाहीत. गंजापासून संरक्षण हा वेगळा विषय आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्याच्या काही दिवस आधीच सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजत असल्याचं पत्राने कळवलं होतं. समुद्राची खारी हवा आणि काकडीच्या माळावरची कोरडी हवा यांत मोठा फरक आहे, म्हणून रंगाचा थर किती जाड, हे ठिकाणानुसार वेगळं लिहावं लागतं.

आगीचंही तसंच. साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची जवळपास निम्मी ताकद जाते. म्हणून उघड्या लोखंडावर आगीत फुगणारा खास रंग लावतात. तो जाड असेल तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. ज्या खांबाला असा रंग लागणार आहे, त्यावर चौथ्या वर्गाचं घासकाम करून घेणं म्हणजे पैसे रंगाखाली पुरणं. गॅल्व्हनायझिंगमध्ये लोखंड सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. तिथे आधी भरलेली पुट्टी टिकत नाही. म्हणून दिसणं, गंज आणि आग या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठरवाव्या लागतात. आपल्या कार्यालयांत त्या बहुतेकदा तीन वेगळ्या फायलींत असतात.

शिर्डीसारख्या प्रकल्पात विचारण्यासारखे प्रश्न त्यामुळे अगदी थोडे आहेत. उघड्या राहणाऱ्या प्रत्येक भागाचा वर्ग नकाशावर लिहिलाय का? तिसऱ्या आणि चौथ्या वर्गासाठी आधी एक नमुना तुकडा करून घेतला जाणार का? आणि तो मंजूर करताना प्रवासी जितक्या अंतरावरून बघेल, तितक्याच अंतरावर उभं राहून, रंग लावल्यावर बघितला जाणार का? ही उत्तरं फॅब्रिकेटरने दर भरण्याआधी तयार असावी लागतात. लोखंड कापायला सुरुवात झाली की प्रत्येक बदलाचं वेगळं बिल येतं.