कोंबड्यांचं कुंपण जिवावर नको

जयनगरात अंगणात किंवा गच्चीवर कोंबड्या पाळत असाल, तर कोल्ह्याची भीती नाही. इथे टपून असतात ती मुंगूस, मांजर, भटकी कुत्री आणि वरून घार. मुंगूस दिवसा फिरतं, म्हणून फक्त रात्री खुराडं बंद करून भागत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी चारही बाजूंनी आणि वरूनही लावा. अंगणात ती फूटभर जमिनीत पुरा. विजेच्या कुंपणाची इथे गरजच नाही.

गावाकडे मात्र कोल्हा, खोकड येतात. तिथे विजेचं कुंपण उपयोगी पडतं, पण ते झटका मशीनचंच हवं. हे मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच झटका देतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. अर्थिंग नीट करा, तारेला गवत टेकू देऊ नका, सावधानतेची पाटी लावा.

घरातली २३० व्होल्टची वीज थेट तारेत कधीही सोडू नका. रानडुकरांसाठी अशा तारा लावल्याने महाराष्ट्रात आणि कर्नाटकात माणसं दगावली आहेत. शिवाय कोल्हा, खोकड, मुंगूस यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

गावी फोन कराल तेव्हा कुंपणात वीज कुठून येते, एवढं जरूर विचारा.