फुकटच्या शब्दाची किंमत

धडगाव, मोलगी किंवा तळोदा येथील आठवडे बाजार हा केवळ मीठ-मिरचीच्या खरेदीचा दिवस कधीच नव्हता. सातपुड्याच्या पाड्यांवरून पायी उतरणारी माणसे तेथे सोयरिकी जुळवीत, भांडणे मिटवीत आणि आठवडाभर पुरेल एवढी वार्ता गाठीला बांधून परत जात. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात तर ढोलांच्या गजरात कितीतरी खऱ्या-खोट्या गोष्टी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर पोचत. ही वार्ता निर्मळ होती, असे कोणी म्हणणार नाही. अमकी बाई डाकीण आहे, ही कुजबुजही याच वाटेने गेली आणि तिने निरपराध स्त्रियांचे बळी घेतले. परंतु त्या वार्तेला एक वाहक असे. तो कोणत्या पाड्याचा, कोणाचा मुलगा, यापूर्वी त्याने किती थापा मारल्या, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे; आणि पुढच्या बाजारी त्याला जाब विचारता येई.

हा वाहक आता नाहीसा झाला आहे. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले, तेव्हा हा दूरचा जिल्हा एकाएकी नव्या युगाच्या उंबरठ्यावर आल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात उंबरठा ओलांडला गेला तो सप्टेंबर २०१६ नंतर. जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर कोसळले आणि मोबाइल फोन ही चैनीची वस्तू न राहता टॉर्चसारखी गरजेची वस्तू झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अनेक घरांत अक्षराच्या आधी पडदा पोचला तो असा. साहजिकच येथे या माध्यमाचा उपयोग लिहिण्या-वाचण्यासाठी कमी आणि बोलण्या-पाहण्यासाठी अधिक होतो. बोललेला निरोप, चित्र, चित्रफीत आणि ज्याला ‘मीम’ म्हणतात तो चित्रविनोद हीच तेथील चलनी नाणी.

यातून झालेला लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारा मुलगा महाविद्यालयात आला की पहिल्या महिन्यातच जीभ वळवून पुस्तकी मराठी बोलू लागे; आपली बोली तो वसतिगृहाच्या खोलीत ठेवून येई. आज तोच मुलगा अहिराणीत विनोद रचतो आणि तो जळगावपासून नवापूरपर्यंत हसत हसत पुढे धाडला जातो. ‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणे या माध्यमांमुळे खान्देशाची वेस ओलांडून साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. बहिणाबाई चौधरींची गाणी ग्रंथरूपाने यायला १९५२ साल उजाडावे लागले आणि तोवर त्या हयात नव्हत्या, हे आठवले म्हणजे बोलीला मिळालेल्या या व्यासपीठाचे मोल कळते.

चित्रविनोदाचा प्रकारही वाटतो तितका परका नाही. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तील चेहरे आणि संवाद त्यानंतर दोन दशकांनी जन्मलेली मुले रोजच्या संभाषणात म्हणीसारखी वापरतात. पूर्वी गावात बहुरूपी येई. तो फौजदाराच्या वेषात दारात उभा राहून घरधन्याला अटकेचा हुकूम ऐकवी. घर खळाळून हसे आणि त्याच्या झोळीत पसाभर धान्य पडे. ते सोंग आहे, हे सोंग घेणारा आणि पाहणारा दोघांनाही ठाऊक असल्यानेच तो विनोद होता. मीम मात्र तिसऱ्या-चौथ्या हातात गेला की सोंगाची चौकट मागे गळून पडते. ज्याने तो रचला त्याच्या मित्राला तो विनोद असतो. अनोळखी माणसाला तोच पुरावा वाटू लागतो.

नोकरदार वर्गाचा अनुभव वेगळ्या तऱ्हेचा आहे. शिक्षकाला आणि कारकुनाला आता आदेश टपालाने येत नाही. तो रविवारी सायंकाळी कार्यालयाच्या गटावर येतो, त्याच्या वर कोणाचा तरी सुप्रभात आणि खाली कोणाची तरी भावपूर्ण श्रद्धांजली असते. श्रद्धांजलीचे चित्र तयारच मिळते, त्यामुळे शोकसांत्वनाची दोन वाक्ये स्वतःच्या हाताने लिहिण्याची सवय सुटत चालली आहे. हे नुकसान लहान आहे. मोठे नुकसान निराळे, आणि त्याचे गाव नंदुरबारच्या शेजारीच आहे.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका नवापूर तालुक्याला लागून आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत हा सारा एकच जिल्हा होता. बरोबर वीस वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, याच साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे रविवारच्या आठवडे बाजारात पाच परकी माणसे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, सोलापूरकडची, भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसे होती. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. संशय आला, गर्दी जमली, माणसांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले आणि तेथेच पाचही जणांना ठेचून मारण्यात आले. हे होत असताना त्याचे चित्रण करणारे हातही होते. ज्या ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद व्हायची, तिच्याच भिंतींच्या आत हे घडले.

त्याच दिवशी, काही तासांनी, मालेगावात असाच जमाव जमला. भिक्षा मागणारे एक कुटुंब, त्यात दोन वर्षांचे मूल, त्यांच्या तावडीत सापडले होते. तेथे मात्र काही रहिवाशांनी त्यांना घरात घेतले, दार लावले आणि पोलीस येईपर्यंत जमावाला थोपविले. पाचही जीव वाचले. अफवा तीच, दिवस तोच. दार कोणी लावले आणि ते कोणासाठी, एवढाच फरक.

राईनपाड्याच्या बाबतीत ‘आदिवासींचे अज्ञान’ असे निदान करून शहरी माणूस मोकळा झाला. हे निदान सोयीचे आहे, खरे नाही. युनेस्कोने भारताच्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्कृष्ट ठरविल्याची बातमी किती पदवीधरांनी अभिमानाने पुढे धाडली आहे, याचा हिशेब शिक्षक-कक्षांतूनच घ्यावा. युनेस्कोने असे काही ठरविल्याचा इन्कार केव्हाच केला आहे. मुले पळविणाऱ्यांचा ‘पुरावा’ म्हणून त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार झालेली होती. तिच्या शेवटी मोटारसायकलस्वार मूल परत आणून देतो आणि फलक दाखवितो. तो शेवट कोणीतरी कापून टाकला. कापणारा निरक्षर नव्हता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे ग्रेशॅमचा नियम आठवेल : खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते. हा नियम लागू पडतो तो दोन्ही नाण्यांची दर्शनी किंमत सारखी धरली जाते म्हणून. फोनच्या पडद्यावर नेमके हेच घडते. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मावशीच्या हाती आलेली थाप आणि कराचीची कापलेली चित्रफीत एकाच आकारात, एकाच ठशात, ओळखीच्या माणसाच्या नावाखाली येतात. शिवाय पाठविण्याचा खर्च शून्य. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर मजकूर लिहावा लागे, खाली सही करावी लागे आणि वर टपालखात्याचा शिक्का बसे. धूर ओकणाऱ्या कारखान्याचा खर्च जसा शेजारच्या वस्तीवर पडतो, तसा या फुकटच्या शब्दाचा खर्च पाठविणाऱ्यावर न पडता रस्त्याने जाणाऱ्या तिऱ्हाइतावर पडतो.

हे व्हॉट्सॲपच्या मालकांनाही अखेर मान्य करावे लागले. जुलै २०१८ मध्ये त्यांनी पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या (फुकटच्या माध्यमाचा खुलासा करायला विकतचा कागद लागला, हे गमतीचे आहे) आणि भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल असे बंधन घातले. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. हे एक प्रकारचे रेशनिंगच. त्याने वेग कमी होतो. पण २०१८ मध्ये एका गटात २५६ माणसे मावत, आता १,०२४ मावतात. ‘एकच ठिकाण’ म्हणजे आज एक मोठे गाव आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद आहे. केवळ अफवेपोटी झालेली हत्या या कारणांत बसविणे सोपे नाही. आणि हे सारे माणूस मेल्यानंतरचे आहे.

त्याच्या आधीचे काम जिल्ह्यातच करावे लागेल आणि ते मुख्यतः भाषेचे आहे. अफवा पावरीत आणि भिलीत फिरते. तिचा खुलासा मात्र कार्यालयीन मराठीत निघतो आणि ज्यांनी तो वाचायचा त्यांच्यापैकी अनेकांना वाचता येत नाही. करोनाच्या काळात लसीविषयीच्या शंका फलकांनी गेल्या नाहीत. आशा कार्यकर्त्या आणि शिक्षक दारोदार जाऊन घरच्या बोलीत बोलले, तेथे त्या कमी झाल्या. आठवडे बाजाराच्या दिवशी पोलीस पाटलाने ध्वनिक्षेपकावरून त्या आठवड्यात काय फिरत आहे, त्यातले काय तपासले आणि काय खोटे निघाले, हे बाजाराच्या बोलीत, स्वतःचे नाव सांगून वाचून दाखवावे. गावात कोणी भटके कुटुंब उतरले असेल तर ते कोण, कोठले, हेही त्याच वेळी सांगावे. पूर्वी दवंडी हेच करी. यासाठी नवे खाते नको, नवा निधी नको. पाच-दहा मिनिटे आणि चालू स्थितीतला एक भोंगा पुरे.